फोर-स्ट्रोक मशीन स्लोला थरथरते? आधी पेट्रोल बघा, स्क्रू सर्वात शेवटी

मालवण : नारळी पौर्णिमा झाली की किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या होड्या पुन्हा पाण्यात जातात आणि मेकॅनिककडे एकच तक्रार येऊ लागते. ‘मशीन रेसवर झकास चालते, पण स्लोला आले की थरथरते, मिस मारते आणि गिअर टाकला की बंद पडते.’

हा दोष किरकोळ नाही. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे, किंवा कुठल्याही खाडीच्या मुखाशी, लाट जाऊ देण्यासाठी होडीवाला मशीन स्लो करून थांबतो. नेमके तेव्हाच मशीन बसले तर होडी लाटेला आडवी होते आणि पाणी आत येते. जेटीला लागताना पर्यटक बसलेले असतील तर धोका आणखी वाढतो.

यावर बरेच जण आयडलिंगचा स्क्रू पिळून स्लो वाढवतात. मशीन तात्पुरते चालू राहते, पण मूळ दोष तसाच राहतो. वाढलेल्या स्लोवर गिअर टाकला की खट्‌कन आवाज येतो आणि गिअरपेटीतला क्लच झिजतो. तो खर्च जेट साफ करण्याच्या कितीतरी पट आहे.

असे का होते?

कार्बोरेटरच्या मशीनमध्ये स्लोचे पेट्रोल वेगळ्या, बारीक जेटमधून येते. त्याचे भोक साधारण अर्ध्या मिलिमीटरहूनही लहान असते. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत मशीन उभे राहते, कार्बोरेटरमधले पेट्रोल उडून जाते आणि मागे चिकट थर उरतो. रेसचे मोठे जेट त्यातूनही चालते, स्लोचे मात्र बुजते. म्हणून ‘रेसवर चांगले, स्लोला खराब’ असेल तर पहिला संशय स्लोच्या जेटवर घ्यावा.

दुसरे कारण पाणी. आता पंपावरच्या पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असते. इथेनॉल हवेतला ओलावा ओढते. ओलावा जास्त झाला की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन टाकीच्या तळाशी बसतात. वरून ताजे पेट्रोल ओतून ते सुधारत नाही, टाकी रिकामीच करावी लागते.

सुरू करण्यापूर्वी

मशीन कोरडे चालवू नये. पाण्याच्या पंपातला रबरी इंपेलर काही सेकंदांतही खराब होऊ शकतो. गोड्या पाण्याच्या पिंपात मशीन उभे करा. पंख्याच्या वरची आडवी पट्टी पाण्याखाली गेली पाहिजे. पंखा शक्यतो काढून ठेवा आणि मशीन न्यूट्रलमध्येच ठेवा. बाजूने पाण्याची धार येते का, यावर लक्ष असू द्या. बंद शेडमध्ये मशीन चालवू नका, धुराचा विषारी वायू जीव घेतो. पेट्रोलचे काम करताना मशीन थंड हवे, किल स्विचची दोरी काढलेली हवी आणि जवळ विडी-काडी नको.

तपासणी या क्रमाने करा

१) टाकी आणि पाइप : टाकीच्या झाकणावरचा हवेचा स्क्रू उघडा आहे का? पाइपवरच्या रबरी फुग्याचा बाण मशीनच्या दिशेने आहे का? फुगा दाबून कडक होत नसेल तर जोडाची रबरी रिंग हवा ओढते किंवा फुग्याचा व्हॉल्व्ह गेलेला असतो. मशीन चालू असताना फुगा चपटा होत असेल तर टाकीकडून पेट्रोल अडते आहे. थरथरत्या मशीनवर फुगा दाबला आणि मशीन सुधारले, तर पेट्रोल कमी पडते आहे. दाबल्यावर आणखी बिघडले, तर कार्बोरेटरमध्ये पेट्रोल जास्त होते आहे.

२) पेट्रोल : फिल्टरमधले आणि टाकीच्या तळाचे थोडे पेट्रोल काचेच्या बाटलीत घेऊन अर्धा तास ठेवा. खाली वेगळा थर दिसला तर टाकी, पाइप, फिल्टर सगळे रिकामे करून साफ करा. टू-स्ट्रोकची सवय असलेले काही जण फोर-स्ट्रोकच्या पेट्रोलमध्येही ऑइल मिसळतात. तसे करू नये, प्लग काळे पडतात. फोर-स्ट्रोक पेट्रोल मशीनला केरोसीनही चालत नाही.

३) प्लग : एकेक प्लग काढून क्रमाने ठेवा. फिकट तपकिरी असेल तर ठीक. कोरडा काळा असेल तर पेट्रोल जास्त. पेट्रोलने ओला असेल तर तो सिलिंडर पेटत नाही. पांढरा पडला असेल तर पेट्रोल कमी किंवा हवा जास्त. प्लगवर पाण्याचे थेंब किंवा गंज दिसला तर मशीन पुन्हा सुरू न करता मेकॅनिकला दाखवा. नवा प्लग पुस्तिकेत दिलेल्या नंबरचाच घ्या, गॅपही तिथलीच ठेवा.

४) चोकची परीक्षा : मशीन गरम झाल्यावर स्लोला चोक किंचित ओढा. मशीन सुधारले तर पेट्रोल कमी येते आहे, म्हणजे जेट बुजले आहे किंवा कुठून तरी हवा शिरते आहे. कार्बोरेटर आणि इंजिनमधले गॅस्केट, रबरी नळ्या यांना चीर आहे का ते बघा. चोक ओढताच मशीन गुदमरले तर दोष जेट बुजण्याचा नाही.

५) कार्बोरेटर : खोलण्यापूर्वी मोबाइलवर फोटो काढा. आधी वाटीचा ड्रेन स्क्रू सोडून पेट्रोल बाटलीत घ्या, पाणी किंवा कचरा लगेच दिसेल. मिश्रणाचा स्क्रू काढायचा असेल तर तो हलकेच बसेपर्यंत आत फिरवून आटे मोजा आणि लिहून ठेवा. बसवताना तेवढेच आटे सोडा. जेट कार्बोरेटर क्लीनरने भिजवून हवेने फुंका. आत तार किंवा सुई घालू नका. भोक मोठे झाले तर जेट नवेच घ्यावे लागते.

६) आयडलिंगचा स्क्रू : हे सगळे झाल्यावरच याला हात लावा. मशीन दहा मिनिटे चालवून पूर्ण गरम करा, मगच स्लो लावा. मोठ्या मशीनचे स्लो साधारण ७०० ते १,१०० आरपीएम असते, लहान मशीनचे त्याहून जास्त असू शकते. आपल्या मशीनचा आकडा पुस्तिकेत असतो. थंड मशीन सुरुवातीला थोडे जास्त फिरते, तो दोष नव्हे.

इंजेक्शनचे मशीन असेल तर

त्यात कार्बोरेटर नसतो. मालकाने पेट्रोल, फिल्टर, प्लग आणि बॅटरीची टर्मिनल एवढेच बघावे. चालू मशीनच्या प्लगच्या टोप्या काढून बघू नका, शॉक बसतो आणि कंट्रोल युनिट जळू शकते. पुढची तपासणी कॉम्प्युटर लावूनच होते.

मेकॅनिककडे कधी न्यावे?

ऑइलची पातळी वाढलेली असेल आणि ऑइलला पेट्रोलचा वास येत असेल तर थांबा. पेट्रोल ऑइलमध्ये उतरते आहे. पंपाचा पडदा फाटलेला असू शकतो, किंवा थर्मोस्टॅट उघडा अडकून मशीन नीट गरम होत नसेल. अशा ऑइलवर चालवले तर बेअरिंग जातात. टॅपेट सेटिंग, कॉम्प्रेशन आणि दोन-तीन कार्बोरेटरचा मेळ बसवणे हेही अवजार असणाऱ्याचेच काम आहे. नेताना वर काय काय तपासले ते सांगा, वेळ आणि मजुरी दोन्ही वाचेल.

पुढच्या पावसाळ्याआधी

मे अखेरीस होडी वर घेताना मशीन गोड्या पाण्यात चालवून आतले खारे पाणी धुऊन काढा. कार्बोरेटरचे मशीन असेल तर पेट्रोलचा पाइप काढून ते आपोआप बंद होईपर्यंत चालवा, मग ड्रेन स्क्रूमधून उरलेले पेट्रोल काढा. इंजेक्शनचे मशीन असे कोरडे करू नये, त्याच्या पुस्तिकेप्रमाणेच ठेवावे. टाकीतले जुने पेट्रोल ऑगस्टसाठी राखून ठेवू नका. ऑगस्टमध्ये ताजे पेट्रोल भरून आधी पिंपात, मग खाडीच्या शांत पाण्यात मशीन स्लोला चालवून गिअर टाकून बघा. तिथे बंद पडले तर वल्हे मारून परत येता येते, मुखाशी ती संधी मिळत नाही.