समसंबंध

समसंबंध : दिलेल्या दोन शब्दांमधले नाते ओळखून तेच नाते दुसऱ्या जोडीत शोधण्याचा तार्किक प्रकार. मांडणी चार पदांची असते. गाय : वासरू :: घोडा : शिंगरू. तीन पदे हाताशी, चौथे शोधायचे. एका अर्थी हे शब्दांचे त्रैराशिकच. चार ठिपक्यांची खूणसुद्धा गणितातली आहे. इंग्रज गणिती विल्यम ऑट्रेड याने 1631 च्या आपल्या ग्रंथात ती प्रमाण दाखवण्यासाठी वापरली.

साम्य आणि समसंबंध यांत गल्लत होऊ नये. न्यायदर्शनातील उपमान प्रमाणाचे उदाहरण गवयाचे : गवय गाईसारखा दिसतो एवढे ऐकून असलेला माणूस रानात तो प्राणी पाहताच ओळखतो. तिथे प्राणी प्राण्यासारखा आहे. समसंबंधात मात्र वस्तू एकमेकींसारख्या नसल्या तरी चालते. दिवसाला जशी संध्याकाळ, तसे आयुष्याला म्हातारपण, हे ॲरिस्टॉटलने ‘काव्यशास्त्रा’त दिलेले उदाहरण पाहावे. वय आणि वेळ यांच्या रूपात काहीच सारखे नाही. दोन्हीकडे आहे तो उतरतीचा टप्पा.

नात्यांचे प्रकार पुष्कळ. समूह (द्राक्षे : घोस :: चाव्या : जुडगा), निवारा (घोडा : तबेला :: कोंबडी : खुराडे), तीव्रता (झुळूक : वादळ :: शिंतोडे : मुसळधार) हे नेहमीचे. यादी पाठ करून फारसे साधत नाही, कारण एकाच जोडीत अनेक नाती दडलेली असतात.

‘सुतार : रंधा :: गवंडी : ?’ हा प्रश्न घ्या. पर्याय विटा, भिंत, ओळंबा, थापी. ‘सुताराला रंधा लागतो’ असे सैल वाक्य केले, तर गवंड्याला विटाही लागतात आणि ओळंबाही. ‘रंधा हे सुताराचे हत्यार’ म्हटले की विटा व भिंत गळतात; एक साहित्य, दुसरे काम. तरी ओळंबा उरतोच. ‘सुतार रंध्याने लाकडाचा पृष्ठभाग साफ करतो’ एवढे नेमके बोलल्यावरच गिलावा सारखा करणारी थापी हाती लागते. वाक्य जितके आवळलेले, तितके उत्तर पक्के. दिशाही सांभाळावी लागते : ‘वासरू : गाय :: घोडा : शिंगरू’ यात शब्द चारही योग्य, पण जोडी उलटी.

संगणकानेही ही कोडी सोडवली. 2013 मध्ये गूगलमधील टोमाश मिकोलोव्ह व सहकाऱ्यांनी इंग्रजी शब्दांना आकड्यांच्या रांगांचे रूप दिले; ‘राजा’तून ‘पुरुष’ वजा करून ‘स्त्री’ मिळवली की उत्तराच्या सर्वांत जवळ ‘राणी’ सापडे. गंमत अशी की त्या रीतीत प्रश्नातले तीन शब्द उत्तरातून आधीच वगळलेले असत. ते वगळले नाहीत, तर यंत्र बरेचदा ‘राजा’च परत देते.

परीक्षांमध्ये हा प्रकार विसाव्या शतकात रुजला. अमेरिकेतील मिनेसोटा विद्यापीठात 1926 मध्ये सुरू झालेली मिलर चाचणी पूर्णपणे समसंबंधांची होती. ती 2023 मध्ये बंद झाली. एसएटी परीक्षेने हे प्रश्न 2005 मध्ये गाळले. ‘धावपटू : मॅरेथॉन’ या जोडीला ‘वल्हेकरी : नौकाशर्यत’ हे उत्तर अपेक्षिणारा तिचा प्रश्न बराच गाजला होता, कारण नौकांच्या शर्यती श्रीमंत घरांतल्या मुलांनाच माहीत. आक्षेप रास्त होता. रंधा कधी न पाहिलेल्या शहरी मुलालाही वरचा प्रश्न अडेल, आणि त्यात दोष त्याच्या तर्काचा नसेल. शब्द सर्वांच्या ओळखीचे असतील, तरच असा प्रश्न बुद्धी तपासतो. एरवी तो शब्दसंग्रहाची परीक्षा ठरतो.

महाराष्ट्रात शालेय शिष्यवृत्ती परीक्षांच्या बुद्धिमत्ता चाचणीत समसंबंध हा घटक असतो. तिथे तो शब्दांखेरीज अंक, अक्षरे आणि आकृत्यांवरही विचारला जातो.