पोरांच्या हाताला काम

दिंडीला शंभर वर्षं झाली. विणेकरी, चोपदार, मुक्काम यांचा इतिहास या ग्रंथात येईलच. आम्ही इथं दुसरा इतिहास लिहितो. आपल्या मुलखात दुरावलेली माणसं जवळ कशी आली, आणि त्यात तरुण पोरांनी काय केलं, त्याचा.

शेजारच्या श्रीगोंद्याला संत शेख महंमद महाराज होऊन गेले. जन्म मुसलमान घरातला, पण 'योगसंग्राम' ग्रंथ लिहिला तो मराठीत. वारकऱ्यांनी त्यांना संत मानलं. म्हणजे परक्याला आपलं म्हणणं हे आपल्याला नवं नाही.

पण अडवणूकही होतीच. आपली दिंडी पहिल्यांदा पंढरीला गेली तेव्हा अस्पृश्य म्हटल्या जाणाऱ्या भाविकाला चोखोबांच्या समाधीपाशीच थांबावं लागे. चालायचं बरोबर, दर्शन मात्र वेगळं.

ते दार उघडावं म्हणून साने गुरुजींनी 1 मे 1947 ला पंढरपुरात उपोषण धरलं. त्यासाठी तनपुरे महाराजांनी आपल्या मठात जागा दिली. उपोषणाआधी गुरुजी महाराष्ट्रभर हिंडले. बरोबर आपल्या पारनेरचे सेनापती बापट आणि सेवादलाची तरुण पोरं. पोरांनी गावोगाव गाणी म्हटली, लोकांना समजावलं. त्या दौऱ्यातच कित्येक गावांनी देवळं आणि विहिरी सगळ्यांना खुल्या केल्या. 10 मे ला उपोषण सुटलं आणि विठ्ठल सगळ्यांचा झाला. तरुण रक्त तेव्हाही गरमच होतं. गुरुजींनी त्याला काम दिलं.

दुसरी गोष्ट शेजारच्या जामखेडची. 1970 साली डॉ. रजनीकांत आरोळे आणि डॉ. मेबल आरोळे हे जोडपं तिथं आलं. धर्मानं ख्रिस्ती, अमेरिकेतून शिकून आलेलं. पण दवाखान्यात बसून राहिले नाहीत. गावात गेले आणि व्हॉलीबॉलचा खेळ लावला. ज्या पोरांचे बाप एका ओट्यावर बसत नव्हते, ती पोरं एका चेंडूमागं धावायला लागली. खेळ झाला की बसून बोलणं व्हायचं. त्यातूनच तरुण शेतकऱ्यांची मंडळं उभी राहिली. 1972 चा दुष्काळ पडला. बोअर घ्यायचे ठरले, तेव्हा ते दलित वस्तीत घेण्याकडे डॉक्टरांनी लक्ष दिलं. मग पाण्याला सगळं गाव तिथंच जायला लागलं. मंडळाच्या पोरांनी बांधबंदिस्ती केली, झाडं लावली. 1979 ला आरोळे पती-पत्नीला मॅगसेसे पुरस्कार मिळाला. परक्या धर्माचे म्हणून त्यांना वेशीवरनंच परत लावलं असतं, तर नुकसान आपलंच होतं.

समतेवर आम्ही कीर्तन करतो. माणसं माना डोलावतात आणि आपापल्या आळीला जातात. नुसत्या बोलण्यानं आळ्या एक होत नाहीत. ज्याच्याबरोबर घाम गाळला, पंगतीला बसलो, त्याच्यावर दगड उचलायला हात धजत नाही.

ही गोष्ट जुनी झालेली नाही. मे 2023 मध्ये आपल्याच जिल्ह्यात, शेवगावात, मिरवणुकीवेळी दगडफेक झाली. मोबाइलवरच्या एका स्टेटसवरनं पोरं पेटतात. पेटवणारा नामानिराळा राहतो आणि गुन्हा नोंदला जातो पोराच्या नावावर. मग पोलीस भरतीच्या वेळी चारित्र्य पडताळणीत ते सारं पुढं येतं. आई-बापाचं कष्टाचं पाणी होतं.

आता परप्रांतातली माणसंही आपल्याकडं कामाला येतात. त्यांची बोली वेगळी म्हणून त्यांना हिणवू नये. एका प्रांताच्या पोरांनी दुसऱ्या प्रांताची भाषा शिकावी, ही आंतरभारतीची कल्पना साने गुरुजींनीच मांडली होती. आपली ऊसतोडीची माणसंही परमुलखात जातातच की. तिथं त्यांना जसं वागवावं असं आपल्याला वाटतं, तसंच आपण इथं वागावं.

म्हणून दिंडीच्या पुढच्या शंभर वर्षांसाठी आमचं मागणं थोडकंच आहे. सप्ताहाच्या पंगतीत वाढायला प्रत्येक आळीचं एक-एक पोरगं जोडीनं लावा. निवृत्तीनाथ महाराजांची पालखी मिरजगावात येते, तेव्हा पाणी देणं आणि मागची साफसफाई या जोड्यांकडं द्या. ओढ्याचा गाळ काढायचा तर त्यांनाच पुढं करा. मृदंग शिकवताना जात, धर्म, गाव विचारू नका. वारीत आपण लहानथोर एकमेकांना माउली म्हणून पायाला हात लावतो. पोरांना ते आषाढीपुरतं नको, बारा महिने शिकवायचं.

रामकृष्ण हरी.