कालपत्रकातील अचूकता : एक ऐतिहासिक परामर्श

मोठ्या कार्याचे लहान कामांत विभाजन करून प्रत्येक कामाचा आरंभ व अंत आगाऊ निश्चित करणे, ही रीत संगणकीय आज्ञावलींमुळे आज सर्वसामान्य झाली आहे. अमुक काम सोमवारी सकाळी आठ वाजता सुरू होऊन गुरुवारी सायंकाळी पाच वाजता संपेल, इतक्या बारकाव्याने अशा आज्ञावलीत वेळापत्रक मांडता येते. ही अचूकता कामाच्या ज्ञानातून आली की केवळ आकडेमोडीतून, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. त्याचे उत्तर या पद्धतींच्या इतिहासातच शोधावे लागते.

या इतिहासाचा प्रारंभ कारखान्यात झाला. पोलिश अभियंता कारोल आदामिएत्स्की याने १८९६ मध्ये ‘हार्मोनोग्राम’ नावाचा तक्ता सिद्ध केला. परंतु भाषेच्या अडसरामुळे तो पश्चिमेकडे फारसा पोहोचला नाही. अमेरिकेत हेन्री गँट (१८६१–१९१९) याने आडव्या रेषांचे तक्ते प्रचारात आणले आणि वॉलेस क्लार्क याच्या १९२२ च्या ग्रंथाने ते अन्यत्रही परिचित केले. योजिलेले काम व झालेले काम शेजारी शेजारी दाखविणे, हा या तक्त्यांचा मोठा गुण होय. तथापि एक काम रेंगाळल्यास दुसरे कोणते अडेल, हे त्या रेषांवरून सहज कळत नसे.

ही उणीव १९५७ च्या सुमारास दूर झाली. ड्यू पाँ कंपनीचा मॉर्गन वॉकर व रेमिंग्टन रँडचा जेम्स केली यांनी ‘क्रिटिकल पाथ’, म्हणजे निर्णायक मार्ग, शोधण्याची रीत बसविली. कामांचे परस्परावलंबन जाळ्याच्या रूपाने मांडले, की आरंभापासून अंतापर्यंतची सर्वांत दीर्घ साखळी संपूर्ण कार्याचा कालावधी ठरविते. त्या साखळीतील कामास एक दिवसाचा विलंब झाला तर सर्व कार्यासच विलंब होतो. इतर कामांना मात्र काही सवड असते. ड्यू पाँच्या लुइव्हिल येथील कारखान्यात दुरुस्तीसाठी यंत्रे बंद ठेवण्याचा काळ या रीतीने १२५ तासांवरून ९३ तासांवर आला. येथे एक गोष्ट ध्यानात घेण्याजोगी आहे. ही दुरुस्ती वारंवार होत असे. त्यामुळे प्रत्येक कामास लागणारा वेळ अनुभवाने माहीत होता.

ज्या कार्याचा पूर्वानुभवच नाही, तेथे काय करावे? अमेरिकन नौदलाच्या पोलारिस क्षेपणास्त्र योजनेपुढे हाच प्रश्न उभा होता. १९५८ मध्ये तेथे ‘पर्ट’ ही पद्धत आखण्यात आली. तीत प्रत्येक कामासाठी आशावादी, संभाव्यतम व निराशावादी असे तीन अंदाज घेत. संभाव्यतम अंदाजाची चौपट व इतर दोन अंदाज यांची बेरीज करून तिला सहाने भागले, की अपेक्षित कालावधी मिळे. अनिश्चितता कागदावर मान्य करणारी ही पद्धत होती, आणि हेच तिचे वैशिष्ट्य होय.

२० जुलै १९६० रोजी ‘जॉर्ज वॉशिंग्टन’ या पाणबुडीने पाण्याखालून पोलारिस यशस्वीपणे सोडले आणि श्रेयाचा मोठा वाटा पर्टला मिळाला. वस्तुतः योजनेची मुदत अलीकडे ओढण्याचा निर्णय १९५७ च्या अखेरीसच झाला होता. हार्वे सापोल्स्की याने १९७२ च्या आपल्या अभ्यासात दाखविले, की तांत्रिक विभागांच्या प्रत्यक्ष कामात पर्टचा उपयोग मर्यादितच होता. मात्र तिच्यामुळे योजनेस कार्यक्षमतेची कीर्ती लाभली व बाहेरील हस्तक्षेपापासून तिचे रक्षण झाले. तात्पर्य, कालपत्रक हे नियोजनाचे साधन होते, तसेच ते अधिकाऱ्यांचा विश्वास संपादन करण्याचेही साधन होते.

गणिताच्या बाजूनेही शंका उपस्थित झाल्या. मॅक्रिमन व रायव्हेक यांनी १९६४ मध्ये पर्टच्या गृहीतकांची चिकित्सा केली. जेथे अनेक मार्ग एकत्र मिळतात, तेथे एकाच दीर्घ मार्गावर विसंबलेले अनुमान आशावादी ठरते, हा त्यांतील एक प्रमुख आक्षेप होता. दोन स्वतंत्र मार्ग ठरल्या दिवशी पूर्ण होण्याची शक्यता प्रत्येकी निम्मी असेल, तर दोन्ही वेळेवर पूर्ण होण्याची शक्यता चतुर्थांशच उरते. असे तीन मार्ग असतील तर ती अष्टमांशावर येते. तारीख तीच राहते, तिचा आधार मात्र क्षीण होतो.

१९८० नंतर घरगुती संगणकांबरोबर या रीती कार्यालयोकार्यालयी पोहोचल्या. ‘मायक्रोसॉफ्ट प्रोजेक्ट’ची पहिली आवृत्ती १९८४ ची आहे. या आज्ञावलींनी गँटचे चित्र व केली–वॉकर यांचे जाळे दोन्ही स्वीकारले. परंतु तीन अंदाजांऐवजी सामान्यतः एकच कालावधी विचारण्याची प्रथा रूढ झाली. अनिश्चितता नाहीशी झाली नाही. ती पडद्यावरून दिसेनाशी झाली, एवढेच.

यावरून दोन प्रकारच्या अचूकतांतील भेद स्पष्ट होतो. कोणते काम कोणत्या कामानंतर येते, ही क्रमाची अचूकता विचाराने साधते आणि लुइव्हिलचा लाभ मुख्यतः तिचाच होता. किती वेळ लागेल, ही कालाची अचूकता अनुभवावाचून येत नाही. गणित तिला नेटके रूप देते, आधार देत नाही. विसाव्या शतकातील धरणे, कारखाने किंवा शस्त्रयोजना यांचा इतिहास लिहिणाऱ्या अभ्यासकास अशी कालपत्रके विपुल प्रमाणात उपलब्ध होतील. काम कसे झाले याचा पुरावा म्हणून ती वाचणे धोक्याचे आहे. ते कसे होईल असे कोणी, कोणास आणि कशासाठी सांगितले, याचा पुरावा म्हणून मात्र ती अत्यंत मोलाची आहेत.