एका वाटेचे झाड

धामणगाव नावाची गावे आपल्याकडे एकाहून अधिक आहेत. एकट्या अमरावती जिल्ह्यात अचलपूरकडे धामणगाव गढी आहे आणि वर्धा नदीच्या अलीकडे, मुंबई–नागपूर लोहमार्गावर, धामणगाव रेल्वे आहे. एकाने गढीचे नाव लावले, दुसऱ्याने स्टेशनाचे. आडनावासारखा चिकटलेला हा ‘रेल्वे’ शब्द मला नेहमी इतिहासाचा एक छोटासा दस्तऐवज वाटत आला आहे. आजच्या संगणकाच्या युगात तरुण मुले ज्या ‘झाडांच्या’ कोड्यांशी झुंजतात, त्या कोड्यांचा धडा द्यायला या स्टेशनाइतकी सोयीची जागा दुसरी नाही, असे माझे मत आहे. ते का, हे सांगण्यासाठी आधी लोहमार्गाची हकीकत सांगितली पाहिजे.

अमेरिकेत १८६१ ते १८६५ या काळात यादवी युद्ध पेटले आणि लँकेशायरच्या गिरण्यांना मिळणारा तिकडचा कापूस आटला. साहजिकच इंग्रजांची नजर वऱ्हाडच्या काळ्या जमिनीकडे वळली. ग्रेट इंडियन पेनिन्शुला रेल्वेचा रूळ भुसावळहून वऱ्हाडात शिरला आणि १८६७ साली नागपूरला पोहोचला. मलकापूर, जलंब, शेगाव, अकोला, मूर्तिजापूर, बडनेरा, चांदूर, धामणगाव अशी ही माळ. पण मोठ्या बाजारपेठा नेमक्या या माळेवर नव्हत्या. म्हणून जलंबहून खामगावला आणि बडनेऱ्याहून अमरावतीला आखूड फाटे काढले गेले. खामगावच्या फाट्याच्या उद्घाटनाला १८७० साली खुद्द व्हाइसरॉय लॉर्ड मेयो आला होता. कापसाचे महत्त्व किती होते, हे यावरून कळावे. पुढे विसाव्या शतकाच्या पहिल्या दोन दशकांत किलिक निक्सन या कंपनीच्या पुढाकाराने मूर्तिजापूरहून दोन लांब फाटे निघाले. एक दर्यापूर–अंजनगाववरून अचलपूरला गेला, तर दुसरा कारंजा–दारव्ह्यावरून यवतमाळला. हे दोन्ही रूळ अडीच फुटी. त्यांवरून रमतगमत चालणाऱ्या गाडीला पुढे लोक लाडाने ‘शकुंतला’ म्हणू लागले.

वाचकांनी १९२० च्या सुमाराचा हा नकाशा क्षणभर डोळ्यांपुढे आणावा. वऱ्हाडच्या हद्दीपुरते पाहिले तर कोणत्याही दोन स्टेशनांमध्ये रुळाची वाट एकच आहे, दुसरी नाही. कुठेही वळसा घेऊन पुन्हा त्याच जागी येता येत नाही. अशा आकृतीला गणितात झाड म्हणतात. इंग्रज गणिती आर्थर केली याने १८५७ साली हा शब्द आपल्या निबंधात योजला. म्हणजे गणितातले झाड वऱ्हाडच्या रुळांहून दहाच वर्षांनी वडील.

आता भुसावळला या झाडाचे मूळ माना. भुसावळहून मूर्तिजापूर सुमारे १७८ किलोमीटर आणि धामणगाव सुमारे २६५. मूर्तिजापूरहून यवतमाळचा फाटा ११३ किलोमीटरांचा, म्हणजे भुसावळहून यवतमाळ २९१. मग धामणगावहून यवतमाळ रुळाने किती दूर? दोघांच्या मुळाकडच्या वाटा जिथे प्रथम मिळतात ते ठिकाण मूर्तिजापूर. त्याला ‘सर्वांत जवळचा समान पूर्वज’ म्हणतात. वंशावळीत दोन चुलत भावंडांचा आजा शोधावा, तसेच हे. तेव्हा २६५ आणि २९१ यांची बेरीज करून त्यातून मूर्तिजापूरचे अंतर दोनदा वजा करा, उत्तर येते २०० किलोमीटर. आणि सडकेने? पंचेचाळीस किलोमीटरांच्या आसपास!

ही तफावत म्हणजे झाडाचा खरा स्वभाव. वाट एकच असल्याने हिशेब सोपा होतो, आणि वाट एकच असल्याने माणसाची पायपीट होते. यवतमाळला रूळ नव्हता तेव्हा तिकडचा माल बैलगाड्यांनी धामणगावच्या स्टेशनावर येई. रूळ आला तो मूर्तिजापूरचा दूरचा वळसा घेऊन. गणिती हिशेबाच्या सोपेपणावर खूश असतो. गाडीवानाचे काय, हा प्रश्न त्याला पडत नाही, आणि पडावा अशी अपेक्षाही नाही.

पन्नास-साठ स्टेशनांसाठी अंतरांचा तक्ता छापून स्टेशनमास्तरच्या खिडकीत लावता येतो. पण स्टेशने एक लाख असतील तर? प्रत्येक जोडीसाठी एक आकडा म्हटले तरी सुमारे पाचशे कोटी आकडे होतात. तक्ता न करता दर प्रश्नाला एकेक स्टेशन मागे जात समान पूर्वज शोधावा, तर एका प्रश्नाला लाखभर पावले पडू शकतात, आणि एक लाख प्रश्नांना हजार कोटी. प्रोग्रामिंगच्या स्पर्धांमध्ये नेमका हाच पेच घातलेला असतो आणि उत्तर एक-दोन सेकंदांत मागतात. आंतरराष्ट्रीय शालेय ऑलिम्पियाड १९८९ साली बल्गेरियात सुरू झाले, भारताची मुले त्यात २००२ पासून उतरू लागली, आणि २००९ साली मुंबईच्या डायरेक्टी कंपनीने ‘कोडशेफ’ सुरू केल्यावर असल्या कोड्यांना घरबसल्या भिडण्याची सोय झाली. धामणगावातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी गाडी पकडावी लागत नाही.

या पेचातून सुटण्याची रीत मात्र स्पर्धांनी शोधलेली नाही. १९७३ साली आहो, हॉपक्रॉफ्ट आणि उलमन या तिघांनी समान पूर्वजाचा प्रश्न शास्त्रशुद्ध मांडला. १९८४ साली हारेल आणि टार्जन यांनी दाखवले, की झाडावरून झाडाच्या आकाराच्या प्रमाणात एकदाच हात फिरवून ठेवला, तर पुढे कोणत्याही प्रश्नाचे उत्तर झाड केवढेही असो, ठरावीक मोजक्या पावलांत देता येते. त्यांची रीत इतकी गुंतागुंतीची, की ती हाताने लिहायला भलेभले धजत नसत. २००० साली बेंडर आणि फराख-कोल्टन यांनी ती सोपी करून मांडली.

स्पर्धेतली मुले बहुधा याहूनही साधी युक्ती वापरतात. प्रत्येक स्टेशनाजवळ मुळाच्या दिशेचे पहिले, दुसरे, चौथे, आठवे, सोळावे अशी दुपटीने वाढणारी स्टेशने आधीच टिपून ठेवायची. मग मागे जाताना एकेक पाऊल टाकण्याऐवजी उड्या मारायच्या. एक लाखाच्या झाडात अशा सतरा टिपणांत काम भागते. म्हणजे एका प्रश्नाला लाखभर पावलांऐवजी पाचपंचवीस उड्या. टिपणे करायला थोडी जागा आणि थोडा वेळ लागतो, पण तो एकदाच. माहितीच्या अशा मांडणीलाच ‘डेटा स्ट्रक्चर’ म्हणतात. या भारदस्त नावाला दबून जाण्याचे कारण नाही, व्यापाऱ्याची खतावणी त्याच जातीची.

दुसरी युक्ती मला अधिक आवडते, कारण ती मूर्तिजापूरच्या फलाटावर उभे राहून समजते. प्रत्येक स्टेशनातून पुढे जाणाऱ्या वाटांपैकी जिच्या पोटात सर्वांत जास्त स्टेशने, ती ‘जड’ वाट. बाकीच्या ‘हलक्या’. जड वाटा जोडत गेले की लांबलचक मुख्य मार्ग तयार होतात. मूर्तिजापूरला मोठा रूळ संपत नाही, फाट्यावर जायचे तर गाडी बदलावी लागते, आणि कापसाच्या गाठी एका डब्यातून उतरवून दुसऱ्यात चढवाव्या लागतात. ही बदली म्हणजे हलकी वाट. मुळाकडे येताना दर बदलीला आपल्या पोटातल्या स्टेशनांची संख्या निदान दुप्पट होते. म्हणून एक लाख स्टेशनांच्या झाडातही पानापासून मुळापर्यंत सोळाहून अधिक बदल्या कधीच होत नाहीत. मग उरतात ते सरळ मार्गांचे तुकडे. तुकड्यावरील बेरीज झटपट करण्याची आणि एखादा आकडा बदलला तर हिशेब चटकन दुरुस्त करण्याची सुबक मांडणी न्यूझीलंडच्या पीटर फेनविक यांनी १९९४ साली प्रसिद्ध केली. त्यांच्या डोळ्यांपुढे माहिती कमी जागेत दाबून बसवण्याचे काम होते. झाडांच्या कोड्यांत ती अशी कामी आली.

आतापर्यंत झाड स्थिर धरले. पण रूळ उखडले जातात, नवे पडतात. तोडजोड होणाऱ्या झाडांसाठी स्लेटर आणि टार्जन यांनी १९८३ सालीच एक मांडणी दिली होती. एखादी फांदी तोडा, दुसरीकडे जोडा, आणि मध्येच विचारा की हे दोन बिंदू अजून एकाच झाडात आहेत का. उत्तर चटकन मिळते.

या प्रश्नाचे उत्तर वऱ्हाडला प्रत्यक्षात भोगावे लागले आहे. शकुंतलेचे वाफेचे इंजिन १९९४ साली जाऊन डिझेलचे आले, तरी रूळ जुनेच राहिले. पुढे एकेक करून दोन्ही फाट्यांवरची गाडी थांबली. झाडात पर्यायी वाट नसते. दारव्ह्याच्या फलाटावर गाडी येईनाशी झाली तेव्हा दुसरा रूळ शोधायला जागाच नव्हती, एसटी हाच आधार. झाडावर हिशेब सोपा असतो म्हणून स्पर्धेचे परीक्षक झाडे निवडतात. लोहमार्गाच्या मालकांनी झाड निवडले ते स्वस्त म्हणून. गाठी बंदराकडे न्यायच्या, मग यवतमाळच्या माणसाला धामणगावला जायची सरळ वाट कशाला? माझ्या मते वऱ्हाडचा नकाशा झाडासारखा दिसतो, तो याच हिशेबामुळे.

२०२४ साली वर्धा–कळंब हा नवा रूळ वाहतुकीला खुला झाला. तो यवतमाळवरून नांदेडकडे नेण्याच्या योजनेचा पहिला तुकडा आहे. यवतमाळची फांदी जोडली जाणार, पण मूर्तिजापूरला नव्हे, वर्ध्याला. तसे झाले की धामणगाव आणि यवतमाळ यांच्या वाटा वर्ध्याला मिळतील आणि वरचा दोनशे किलोमीटरांचा हिशेब पुन्हा मांडावा लागेल.

धामणगावाच्या बाबतीत त्याआधीच एक गोष्ट घडली आहे. २०१२ च्या सुमारास अमरावतीहून नरखेडला रूळ पूर्ण झाला. नरखेड नागपूर–इटारसी मार्गावर आहे. त्यामुळे बडनेरा, नरखेड, नागपूर, वर्धा आणि पुन्हा बडनेरा असे एक कडे तयार झाले, आणि धामणगाव त्या कड्यावर बसले. धामणगावहून नागपूरला आता रुळाने दोन वाटा आहेत, एक पुलगावकडून आणि एक उलट बडनेऱ्याकडून. दुसरी लांबची आहे, पण आहे. वरचे सूत्र इथे थेट लागू पडत नाही. कड्यातला एक रूळ बाजूला ठेवून उरलेल्या झाडावर हिशेब करायचा, मग त्या बाजूला ठेवलेल्या रुळावरून गेल्यास किती पडते तेही पाहायचे, आणि दोहोंतले लहान उत्तर घ्यायचे. स्पर्धांत असे कोडेही विचारतात.