चित्ते आफ्रिकेतून का आणावे लागले?

नामशेष प्राणी म्हटला की मुलांच्या डोळ्यांपुढे डायनोसॉर उभा राहतो आणि त्याची हाडे आपल्याकडे कुठे सापडतात, हा प्रश्न ओघानेच येतो. कोल्हापुरात सापडत नाहीत. पन्हाळा आणि जोतिबाचा डोंगर ज्या काळ्या दगडाचे, तो सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हारसाचा. हाडांचा जीवाश्म व्हायला त्यांच्यावर गाळ साचावा लागतो, वितळलेल्या खडकात ती टिकत नाहीत. म्हणून ती मिळाली चंद्रपूरकडच्या पिसदुऱ्याला, गडचिरोलीत सिरोंच्याच्या बाजूला. पण एखादा प्राणी नाहीसा कसा होतो, हे कळायला कोल्हापूरकराला इतके लांब जायला नको. पणजोबांच्या काळात छत्रपतींच्या पदरी शिकारी चित्ते होते.

चित्त्याला माणसाळवून काळविटावर सोडायचे, हा चित्तेवानाचा हुन्नर. डोळ्यांवर टोपी चढवलेला चित्ता गाडीतून माळावर न्यायचा, कळप टप्प्यात आला की टोपी काढायची. या धंद्याची खोट त्याच्या मुळाशीच होती. पाळलेला चित्ता सहसा वीत नाही. जहांगीर बादशहाने आपल्याकडे पिल्ले झाल्याची नोंद मुद्दाम करून ठेवली, ती अपूर्वाई म्हणूनच. शिवाय पिल्लू पकडून भागत नसे, कारण शिकार त्याला आई शिकवते. म्हणजे प्रत्येक चित्ता रानातून, तोही वयात आलेला, फासे लावून धरायचा. अकबराच्या चित्तेखान्यात एका वेळी हजारभर चित्ते असल्याचे सांगतात. आकडा फुगवलेला मानला, तरी शतकानुशतके माळावरून विणीचीच जनावरे उचलली गेली, हे नाकारता येत नाही.

कोणी म्हणेल, कोल्हापूरचे पुष्कळसे चित्ते तर आफ्रिकेतून आणलेले, मग इथला चित्ता संपल्याचे पाप चित्तेवानांच्या माथी कशाला? माझ्या मते तोच सर्वांत बोलका पुरावा आहे. १९१८ ते १९४५ या काळात भारतात सुमारे दोनशे चित्ते बाहेरून आले आणि कोल्हापूर व भावनगर ही त्यांची मोठी गिऱ्हाइके. घरचा माल मिळत असता तर समुद्रापलीकडून कोण मागवील? दुसरा आक्षेप अधिक वजनाचा आहे: इंग्रजांनी चित्त्याच्या डोक्यावर इनाम लावले, माळराने नांगराखाली गेली, काळवीट घटले. हे सगळे खरे, आणि बंदुकीचा वाटाही मोठा. परंतु पिढ्यान्‌पिढ्या विरळ होत गेलेल्या जातीला हे घाव सोसले नाहीत, एवढाच माझा मुद्दा. आपण मात्र १९४७ साली कोरिया संस्थानच्या महाराजांनी मारलेल्या तीन चित्त्यांपाशी बोट ठेवून मोकळे होतो. चित्ता नामशेष झाल्याचे सरकारने १९५२ साली जाहीर केले. चित्तेवानांना ते कितीतरी आधी कळून चुकले असणार. इथला एकही उरला नव्हता, म्हणूनच १७ सप्टेंबर २०२२ रोजी मध्य प्रदेशातल्या कुनो राष्ट्रीय उद्यानात सोडलेले आठही चित्ते नामिबियाचे होते.