काविळीची माळ आणि उंदराचं मूत्रपिंड

आपल्या घरांत 'जिगर' म्हणतात, मराठीत 'काळीज'. दोन्ही शब्द यकृताचे, पण आपण ते धाडसासाठी आणि मायेसाठी वापरतो. यकृताची आठवण होते ती डोळे पिवळे झाल्यावरच. कोल्हापूर जिल्ह्यात पहिलं खापर पाण्यावर फुटतं, आणि ते उगाच नाही. 2012 मध्ये इचलकरंजीत दूषित पाण्यातून हेपॅटायटिस ई पसरला, हजारो आजारी पडले, माणसं दगावली.

ही कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते (गरोदर बाईच्या मात्र जिवावर बेतू शकते). गळ्यातली माळ, नाकात पिळलेला रस, फुंकलेलं पाणी, तावीज, या सगळ्यांची कीर्ती त्या आपोआप उतरण्यावर उभी आहे. माझा आक्षेप दुआला नाही, दुआ जरूर करावी. पण कावीळ पुन्हा पुन्हा येते, महिनोन्‌महिने थकवा जात नाही, सांधे दुखतात, तेव्हा पाण्याला दोष देऊन भागत नाही.

अशाच रुग्णांचं, मुख्यतः तरुण मुलींचं, वर्णन 1950 मध्ये स्वीडनच्या यान वाल्डेनस्ट्रॉम यांनी केलं. रक्तात गॅमा ग्लोब्युलिन भरमसाट, कारण कळेना. शरीर स्वतःवरच उलटत नाही, हा पॉल एर्लिख यांचा विचार तेव्हा प्रमाण होता. 1956 मध्ये तो ढासळला. लंडनमध्ये डेबोरा डोनियाक, इव्हान रॉइट आणि सहकाऱ्यांनी थायरॉइडच्या रुग्णांत स्वतःच्याच ग्रंथीविरुद्धची प्रतिपिंडं दाखवली. त्याच वर्षी मेलबर्नच्या इयान मॅके यांनी यकृताच्या अशा काही रुग्णांच्या रक्तात ल्युपसची खूण असलेल्या पेशी पाहून 'ल्युपॉइड हेपॅटायटिस' हे नाव दिलं.

मग आलं उंदराचं मूत्रपिंड. त्याच्या पातळ कापावर रुग्णाचा सीरम टाकायचा, वर चमकणारा रंग जोडलेलं दुसरं प्रतिपिंड, आणि सूक्ष्मदर्शकात बघायचं काय उजळतं. 1965 मध्ये डोनियाक, रॉइट आणि शीला शेरलॉक यांच्या गटाने पित्तनलिकांच्या आजारात मायटोकॉन्ड्रियाविरुद्धची प्रतिपिंडं शोधली. त्याच वर्षी दुसऱ्या एका ब्रिटिश गटाला हेपॅटायटिसच्या रुग्णांत गुळगुळीत स्नायूंविरुद्धची सापडली. ती उंदराच्या जठराच्या भिंतीत उजळतात. आजच्या रिपोर्टवरची एएनए, एएसएमए, एएमए, एलकेएम ही अक्षरं या घराण्यातली आहेत.

या शोधाने जीव वाचले का? वाचले. 1971 मध्ये शेरलॉक यांच्या रॉयल फ्री रुग्णालयातल्या चाचणीत स्टेरॉइड घेतलेल्या 22 पैकी 3 दगावले, न घेतलेल्या 27 पैकी 15.

नुसता 'पॉझिटिव्ह' रिपोर्ट म्हणजे निदान नव्हे. निरोगी माणसातही ही प्रतिपिंडं थोडी सापडतात. आयजीजी, विषाणूंच्या तपासण्या आणि बहुधा यकृताचा सुईने काढलेला तुकडाही लागतो. आणि मुलीचा चेहरा सुजतो, लग्न ठरायचंय, म्हणून गोळ्या परस्पर बंद केलेली घरं मी पाहिली आहेत. गोळ्या अशा सोडल्या की हा आजार बहुतेकदा उलटतो.