रविवारची रात्र, गिरगावची खोली

तापी व्हॅली रेल्वेने सुरत गाठायची आणि तिथून मुंबईची गाडी धरायची, ही नंदुरबारकडच्या पोरांची नोकरीची वाट. माझे आजोबा, आम्ही त्यांना आबा म्हणायचो, 1939 मध्ये त्याच वाटेने गिरगावात आले. चाळीतल्या एका खोलीत तिघं: आबा, साताऱ्याकडचा एक कारकून आणि गोदीत काम करणारा एक रत्नागिरीकर. निजायला खोली, जेवायला खानावळ. गावी जायचं असलं की आधी खाडा सांगून ठेवायचा, म्हणजे तेवढ्या दिवसांचे पैसे वजा होत.

3 सप्टेंबरला रविवार होता. दुपारी फीस्ट, म्हणून रात्री खानावळ बंद. संध्याकाळी बातमी आली. आबा ती अहिराणीतच सांगत: "लढाई लागनी रे!" व्हाइसरॉय लिनलिथगो यांनी इथल्या एकाही पुढाऱ्याला न विचारता हिंदुस्थान युद्धात ओढला होता. त्या रात्री तिघांनी इराण्याकडचा पाव आणि आबांच्या डब्यातली शेंगदाण्याची चटणी खाल्ली. चटणीत नंदुरबारची मिरची. रत्नागिरीकराच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, तरी तो पुन्हा मागत होता. ही चटणी आबा दर वेळी सांगत, आणि मला वाटतं त्यात त्या रात्रीची सगळी धास्ती होती.

न विचारता लादलेल्या या युद्धाच्या निषेधार्थ नोव्हेंबरात मुंबई प्रांतातल्या खेर मंत्रिमंडळाने राजीनामा दिला. सातारकर मराठा पलटणीत भरती झाला. 1941 मध्ये ही पलटण आफ्रिकेत केरनच्या डोंगरावर लढली, पण त्याचं पुढे काय झालं हे आबांना कधीच कळलं नाही. जपान युद्धात उतरल्यावर मुंबईतून माणसं गावाकडे पळू लागली, तसे आबाही 1942 च्या सुरुवातीला नंदुरबारला परतले.

9 सप्टेंबर 1942 ला तिथेच पोलिसांनी ‘चले जाव’ चळवळीतल्या मिरवणुकीवर गोळ्या झाडल्या. शिरीषकुमार मेहता, लालदास शहा, धनसुखलाल वाणी, शशिधर केतकर आणि घनश्यामदास शहा, अशी पाच कोवळी मुलं गेली. शिरीषकुमार सोळाचाही नव्हता. आबा या मुलांची नावं घेताना उभे राहत.

त्या खोलीतल्या दोघांची नावं मात्र मी कधी विचारली नाहीत, आणि आता सांगायला कुणी नाही. तुमच्या घरात मुंबईच्या खोलीत राहिलेलं कुणी म्हातारं माणूस असेल, तर आजच विचारा: चाळ कुठली, खानावळ कुणाची, शेजारच्या वळकटीत कोण निजायचं. आणि लिहून ठेवा.